कंप्रेसर पेडल लावल्यावर गिटारचा आवाज सुधारला का? आपापले अनुभव सांगा

वाद्यवृंदात सहा वर्षं ऱ्हिदम गिटार वाजवतोय. गणपतीत लालबाग-गिरगावकडे कार्यक्रम असतात. कोळीगीताच्या ठेक्यावर क्लीन आवाजात वाजवताना एक कॉर्ड कानात घुसते आणि पुढची ढोलकीखाली गडप होते. मित्राने बॉसचं सीएस-३ हे कंप्रेसर पेडल (मोठे सूर दाबून आवाज सारखा करणारं) वापरायला दिलंय. सस्टेन (किती दाबायचं ते बटण) अर्ध्यावर नेलं की सगळं सारखं होतं, पण हाताचा जोरच उरत नाही. तुम्ही कसं लावलंत? बटणं सांगाच, पण काय ऐकू आलं तेही लिहा.

मुलुंडहून
आधी लेव्हल बघ. पेडल चालू आणि बंद, दोन्हींत आवाज तेवढाच राहिला पाहिजे. मी वर्षभर लेव्हल चढवून वाजवत होतो आणि टोन सुधारला असं समजत होतो. कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. लेव्हल जुळवली तेव्हा खरा फरक कळला: कॉर्डमधल्या पातळ तारा पहिल्यांदा स्पष्ट आल्या. सीएस-३ वर सस्टेन घड्याळातल्या नऊच्या जागी ठेव आणि अटॅक (सुराची सुरुवात किती टोकदार राहील ते बटण) अर्ध्याच्या पुढे ने. पिकचं टोक परत येईल.

माहीमहून
गणित समजलं की हात आपोआप बसतो. समजा रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१ आहे. ठरवलेल्या पातळीच्या वर ८ डेसिबल गेलेला सूर २ डेसिबलच वर राहतो. हळू सुरांना कंप्रेसर हातही लावत नाही. दाबल्यावर एकूण आवाज उतरतो, तो लेव्हलने भरून काढायचा. त्या भरण्यातच हळू सूर वर येतात आणि त्यांच्याबरोबर खरखरही.

दादरहून
मी मांडीवर गिटार ठेवून स्लाइडने नाट्यगीतं वाजवते. माझ्यासाठी सगळा खेळ आसेचा, म्हणजे सूर रेंगाळण्याचा आहे. मींड वरच्या सुरावर पोचेपर्यंत आवाज विरून जायचा. कंप्रेसरने तो सूर धरून ठेवला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. मात्र घर जुन्या चाळीत, अर्थिंग धड नाही, गिटारचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे घूं पटकन पकडणारा. सूर विरत आला की मागून घूंऽऽ वर येते. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की जास्तच. रियाजाला पंखा बंद करते आणि गिटार वळवून जिथे घूं कमी होते त्या बाजूला तोंड करून बसते. मे महिन्यात फार हाल होतात.

बांद्र्याहून
मी काढून टाकलं. आमचा बँड मेटल वाजवतो. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) सिग्नलची शिखरं कापतं, म्हणजे दाबायचं काम तिथेच झालेलं असतं. त्यात कंप्रेसर घातला की दोन रिफमधल्या शांततेत नुसती फुसफुस. क्लीन आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक सुटे) असेल तर मात्र हवाच.

कांदिवलीहून
बेसवर दोनच बटणांचा एमएक्सआर डायना कॉम्प हा कंप्रेसर लावत होतो. जाड ई तार वाजली की तिच्यामुळे सगळाच आवाज खाली बसायचा आणि धापा टाकल्यासारखा वर यायचा. आता मूळ आवाज मिसळायचं ब्लेंड बटण असलेलं पेडल घेतलंय. निम्मा कोरा, निम्मा दाबलेला. हाताचा जोर जातो म्हणतोस ना, त्यावर हा उपाय गिटारलाही चालेल.

धागाकर्ता
शनिवारी तालमीत सस्टेन नऊवर, अटॅक दोनवर ठेवलं आणि लेव्हल मुलुंडकरांनी सांगितल्याप्रमाणे जुळवली. पूर्ण गाण्यात मिक्सरवाल्या दादांनी फेडरला हात लावला नाही. ढोलकीवाल्याने स्वतःहून विचारलं, आज गिटार नवीन आहे का? आता वाह पेडल (पायाने ‘वा-वा’ असा आवाज काढणारं) कुठे लावू, कंप्रेसरच्या आधी की नंतर?

मुलुंडहून
नंतर. आधी लावलास तर वाहने उचललेली शिखरं कंप्रेसर पुन्हा दाबून टाकतो आणि वाह मिळमिळीत वाटतं. ओव्हरड्राइव्हही (हलकं डिस्टॉर्शन) कंप्रेसरच्या नंतरच ठेव.