बटरक्रीमचं यान: उतरलं, कलंडलं की वितळलं?

विश्रामबागची सूनबाई, सांगली

येत्या 9 मेला आमचं कार्टं सहा वर्षांचं होतंय. केक घरीच करणार, असं मी मार्चमध्येच जाहीर करून बसले. तेव्हा त्याला डायनोसॉर हवा होता. आता यान हवंय. साधं रॉकेट नाही, चार पायांचं 'विक्रम'. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी ते चंद्रावर उतरलं, तेव्हा हा सव्वातीन वर्षांचा, आजोबांच्या मांडीवर बसून टाळ्या पिटत होता. त्याला त्यातलं काही आठवत नसणार, पण आजोबांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की आता यान आपणच उतरवल्यासारखा बोलतो.

रविवारी रंगीत तालीम केली. 200 ग्रॅम बटर, 400 ग्रॅम आयसिंग शुगर, दोन चमचे दूध. फेटलं तेव्हा झकास होतं. केकला लावायला घेतलं आणि दुपारी तीनला सांगलीत जे व्हायचं ते झालं. कडा घसरल्या, ताटलीत तळं साचलं. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "कढवायला ठेवलंयस का गं?"

तर ज्यांनी ज्यांनी असला उद्योग केलाय त्यांनी लिहा. नुसती कृती नको, ती मोबाईलवर ढिगानं आहे. फजितीसकट सांगा.

शाहूपुरीकरीण, सातारा

मी लेकीच्या सातव्या वाढदिवसाला स्पेस शटल केलं होतं. डिसेंबर, साताऱ्याची थंडी, त्यामुळे वितळायचा प्रश्नच नव्हता. माझं घोडं रंगात अडलं.

खाली आकाश म्हणून निळं क्रीम करायचं होतं. आपलं नेहमीचं बटर पिवळं. त्यात निळा रंग घातला की काय होतं हे चौथीतलं पोरही सांगेल. मी मात्र परातभर पोपटी क्रीम झाल्यावर शिकले. मग शटल पांढरं करायला बसले. कुणीतरी सांगितलं, जांभळा जेल रंग घाल, पिवळेपणा मरतो. बरोबर आहे ते, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. पण नीळ किती द्यायची ते माहीत पाहिजे. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच रंग लागतो. मी बाटलीतून अख्खा थेंब टाकला. शटल असं दिसायला लागलं, जसं सासऱ्यांचं धोतर नीळ जास्त झाल्यावर दिसायचं.

काळ्या रंगाचं एक ध्यानात ठेवा. थेट काळा रंग ओतायचा नाही. आधी कोको घालून क्रीम चांगलं तपकिरी करायचं, मग थोडासा काळा जेल, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी आपोआप गडद झालेलं असतं. मी घाईत ओतला. फोटोत सगळ्या पोरी मिश्री लावून बसल्यासारख्या दिसतायत. आणि एवढं करून शटलच्या काळ्या फरशा असतात पोटाखाली, कारण परतताना तापते ती तीच बाजू. केकची खालची बाजू कोण बघतंय!

शटलला जोडलेल्या इंधनाच्या नारिंगी टाकीनं मात्र वाचवलं. खऱ्या शटलच्या पहिल्या दोन उड्डाणांत, 1981 मध्ये, ती टाकी पांढरी रंगवली होती. नुसत्या रंगाचंच वजन 270 किलोच्या आसपास भरतं, म्हणून पुढे रंगच देईनात. फोमचा नारिंगी रंग तसाच ठेवला. हे वाचल्यावर मीही टाकीला क्रीम लावायचं सोडून दिलं. गाजरहलवा घट्ट आटवला, हातानं लांबट वळला आणि ठेवला.

लेथवाला, कुपवाड

मापाशिवाय आपला हात चालत नाही. पोराला एलव्हीएम-3 पाहिजे होतं, चांद्रयान-3 घेऊन गेलं तेच. उंची 43.5 मीटर. एकास शंभर धरलं तर केक 43.5 सेंटिमीटर, झकास. मधल्या नळकांड्याचा व्यास 4 मीटर, म्हणजे केकची जाडी चार सेंटिमीटर. हातभर उंच आणि काकडीएवढा जाड केक उभा करून दाखवा कुणीतरी. बायको कागदावरचं चित्र बघून म्हणाली, "अहो, ही उदबत्ती झाली."

शेवटी आडवं केलं आणि जाडी दुप्पट धरली. पुठ्ठ्याचा साचा कापला, स्पंज रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी कापला. ताजा कापला तर भुगा होतो. तो भुगा क्रीममध्ये येऊ नये म्हणून आधी पातळ हात मारायचा, अर्धा तास फ्रीज, मग दुसरा हात. भिंतीला प्रायमर मारतात तसं. गुळगुळीत करायला पोराच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेतली. गरम पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढलीत की गेलं काम.

बाजूचे दोन एस-200 बूस्टर म्हणून बेकरीतले क्रीमरोल लावले. मेणबत्ती पेटायच्या आत दोन्ही गायब. खऱ्या रॉकेटचेही बूस्टर आधी गळतात, त्यामुळे तक्रार केली नाही.

मिरजेहून

बटरक्रीम कशाला म्हणते मी? व्हिप क्रीम घ्या, अर्ध्या तासात काम होतं, गोडही कमी.

शाहूपुरीकरीण, सातारा

ताई, गोल केकला चालतं हो. पण पंखाची धार, नाकाचं टोक व्हिप क्रीमला धरवत नाही. आणि उन्हात तेही रडतंच.

गोडोलीची आज्जी, सातारा

नात टायपून देतीय, मी सांगतीय.

नातवासाठी उडती तबकडी केली होती, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. ओव्हन नाही आमच्यात. कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला जाड मीठ पसरलं, दह्यातला बिनअंड्याचा केक केला. एक पसरट डब्यात आणि एक लहान कढईत. कढईतला पालथा घातला की झाली घुमटी. तबकडीला एवढंच लागतं.

बटरक्रीम म्हणजे काय ते नातीनं समजावलं. म्हटलं, लोण्यात साखर. आम्ही भाकरीवर घालून खायचो, त्याला एवढं नाव? घरचं म्हशीचं लोणी होतं, पांढरंशुभ्र. वर त्या शाहूपुरीच्या बाईंना निळीचं सांगावं लागलं, मला ते काही करावं लागलं नाही. पण पहिल्या खेपेला फसलं. लोण्यात ताक राहिलेलं. साखर पडली की पाणी सुटलं, दही फुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी लोणी बर्फाच्या पाण्यात तीनदा धुतलं, मलमलीच्या फडक्यात घट्ट पिळलं, मग फेटलं. घरी मिक्सरवर दळलेली पिठीसाखर दाताखाली करकरते, म्हणून ती दोनदा वस्त्रगाळ केली. जरा आंबूस चव राहिली. मला आवडली.

नक्षीला नळ्या कुठल्या आणायच्या? प्लॅस्टिकच्या कागदाचा मेंदीसारखा कोन वळला, टोक कापलं, खिडक्या काढल्या. हात कापतो माझा आता. खिडक्या सगळ्या नागमोडी. नातू म्हणाला, "आज्जी, तबकडी उडतीय ना, म्हणून हलल्यात."

खणभागातली केकवाली, सांगली

घरून ऑर्डरी घेते, त्यामुळे विश्रामबागच्या ताईंना जरा कामाचं सांगते.

तुमचं प्रमाण चुकलेलं नाही, वेळ चुकली. बटर फेटायला 18 ते 20 अंश बरं. बत्तीस अंशांच्या पुढं ते वितळायलाच लागतं. मेमधल्या दुपारी आपलं स्वयंपाकघर त्याच्याही पुढं असतं. मी उन्हाळ्यात पहाटे पाचला फेटते किंवा रात्री अकरानंतर. अर्धं बटर आणि अर्धं वनस्पती तूप घेतलं की क्रीम टिकतं, चव थोडी पडते. जिभेवर तेलकट लागू नये म्हणून चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला जास्त. सगळं बटर खारं घेऊ नका, निम्मं बिनमिठाचं घ्या. दूध शक्यतो घालूच नका, सैल होतं.

क्रीम पातळ झालं तर घाबरून साखर ओतत बसू नका. भांडं दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये टाका, परत फेटा. फ्रीजमधलं क्रीम फुटल्यासारखं दिसलं तर उलटं, थोडा वेळ बाहेर ठेवून फेटा. नव्वद टक्के रडारड एवढ्यात मिटते. लाइट गेली तर फ्रीज उघडायचा नाही, मुलांना राखणीला बसवा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही सगळे पिवळेपणा मारायच्या मागे का लागलाय? विक्रमचा फोटो नीट बघा. त्याच्या अंगाला सोनेरी चुरगळलेला कागद गुंडाळल्यासारखा दिसतो ना, ते उष्णतारोधक थर आहेत, पातळ फिल्मचे. तुमचं बटर मुळात पिवळं आहे. रंग द्यायचाच नाही, फार तर हळदीचं बोट लावल्यागत कणभर. हळदीच्या गावात राहून तेवढं चालायचं. गुळगुळीत तर मुळीच करू नका. चमच्याची पाठ क्रीमवर टेकवायची आणि उचलायची, टेकवायची आणि उचलायची. अशा चुण्या पडतात की वाटावं फॉइलच आहे. मागे एक गिऱ्हाईक गुळगुळीत चंदेरी यान मागत होतं, तीन वेळा क्रीम काढून परत लावलं आणि शेवटी पैसे देताना शंभर कमी दिले. तेव्हापासून मी सोनेरीच सुचवते.

खाली चंद्र म्हणून चॉकलेट बिस्किटांचा भुगा आणि पिठीसाखर एकत्र करा, राखेसारखा करडा रंग येतो. खड्ड्यांसाठी वाटीचं बूड दाबायचं.

तासगाववाला मामा

केक बहिणीनं केला, मी नुसता पोचवला. सांगली ते तासगाव, एसटीनं, मांडीवर खोका. यानाचं नाक खोक्याबाहेर. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्यात?" म्हटलं, यान. "मग फुल लागंल, का हाफ?"

पुढच्या गतिरोधकाला नाक समोरच्या सीटला लागलं. पोचल्यावर भाचीनं विचारलं, हे पोपट आहे का. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

विश्रामबागची सूनबाई, सांगली

10 मे. झालं एकदाचं.

केकवालीताई, तुमच्या पायावर डोकं ठेवायला यावं म्हणते. रात्री अकराला फेटायला बसले, अर्धं बटर अर्धं वनस्पती. चमच्याची पाठ टेकव-उचल करत होते तेव्हा आमचे हे पाणी प्यायला उठले आणि म्हणाले, "फॉइल कशाला लावलंस, पोरं खातील ना ते." तिथंच माझे पैसे वसूल झाले. कुपवाडच्या दादांचा पातळ हात आणि अर्धा तास फ्रीज, तेही केलं. प्रज्ञान, म्हणजे विक्रममधून चंद्रावर उतरलेली गाडी, म्हणून चॉकलेटच्या चौकोनाला सहा जेम्स चिकटवल्या, सहा चाकं असतात म्हणून. त्यातली दोन सकाळपर्यंत गेली होती. कुणी खाल्ली ते कबूल व्हायला कुणी तयार नाही.

पायाला वेफरच्या काड्या होत्या. तिथं मी कमी पडले. आणि आजोबांनी ऐनवेळी अट घातली की मेणबत्ती 6 वाजून 4 मिनिटांनीच विझवायची. पोरं पावणेसहालाच टेबलाभोवती. मेणबत्तीसाठी पंखा बंद. खिडक्या उघड्या, पण सांगलीत मेमध्ये वारं कुठलं? आजोबा घड्याळ हातात धरून मोठ्यानं सेकंद मोजतायत, बाकी सगळे घामाघूम, विक्रमच्या चुण्या सपाट व्हायला लागल्या. दोन मिनिटं उरली असताना मागचा डावा पाय भुग्यात खचू लागला. मी खाली वाकून बोटानं धरून ठेवला, अगदी टाळ्या होईपर्यंत.

सगळ्या फोटोंत ते बोट आलंय. पोरगा शेजारच्यांना दाखवताना सांगतोय, ह्याला पाच पाय आहेत.