केएमटीचे मार्ग वाढवावेत, की आहेत त्या मार्गांवर फेऱ्या वाढवाव्यात?

रंकाळावेशीकर (धागाकर्ता)

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरच्या केएमटीला, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेला, 100 विजेवरच्या बस मंजूर झाल्यापासून मार्गांच्या मागण्यांना ऊत आला आहे. प्रत्येक उपनगराला आपल्या कोपऱ्यावरून थेट शिवाजी चौकात जाणारी गाडी हवी आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती कबूल करणारेही भेटतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नवे मार्ग काढू नयेत. उलट जे मार्ग एकमेकांच्या अंगावरून जातात ते एकत्र करावेत आणि मोजक्या मार्गांवर दर दहा मिनिटांनी गाडी मिळेल इतक्या फेऱ्या ठेवाव्यात.

दिवसातून पाच-सहाच फेऱ्या असलेल्या मार्गावर वेळ तोंडपाठ असलेले नेहमीचे प्रवासी तेवढे चढतात, बाकीचे थांब्यावर उभेच राहत नाहीत, वडापला (माणशी भाडे घेणाऱ्या रिक्षा-जीपला) हात करतात. शिवाय या योजनेतला पैशाचा हिशेब वेगळा आहे. बस ठेकेदार कंपनीची, चालक कंपनीचा, आणि कंपनीला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरवर. तिकिटाचे उत्पन्न कमी आले तर फरक महापालिकेने सोसायचा असतो. केंद्राची मदतही किलोमीटरवरच आहे, बारा मीटरच्या बसला 24 रुपये, नऊ मीटरच्या बसला 22 आणि सात मीटरच्या बसला 20, आणि तीही दहाच वर्षे. म्हणजे रिकामी फेरी भरलेल्या फेरीइतकीच महाग पडणार आहे.

दुसरे असे की बहुतेक गाड्या शाहू मैदान, बिंदू चौक, गंगावेस या पेठांच्या गर्दीत नेऊन सोडल्या जातात. फुलेवाडीच्या मुलाला विद्यापीठात जायचे असेल तर त्याने आधी गावात का यावे? फुलेवाडी, साने गुरुजी वसाहत, कळंबा, पाचगाव, शेंडा पार्क, सायबर चौक, विद्यापीठ, ताराराणी चौक, कसबा बावडा असा बाहेरून जाणारा एक मार्ग, आणि त्याला छेद देणारे चार-पाच सरळ मार्ग एवढे पुरे आहेत. त्यातला एक तरी मध्यवर्ती बसस्थानक, दसरा चौक, सीपीआर रुग्णालय असा छोटा पण अखंड हवा, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सीपीआरसमोर सुरू झाले आहे आणि सहा जिल्ह्यांतले पक्षकार एसटीतून उतरले की रिक्षाच शोधतात.

वडणगेकर

धागाकर्त्यांचा नकाशा सुबक आहे, पण तो ज्याच्या हातात फक्त मोबाइल आहे अशा प्रवाशासाठी काढलेला दिसतो. आमच्या गावाकडून पहाटे भाजीची बुट्टी घेऊन कपिलतीर्थ मंडईला जाणाऱ्या बायका आहेत. बुट्टी गाडीत चढवायला एक जण खालून लावतो, एक जण वरून ओढतो, मग वाहक सामानाचे तिकीट फाडतो, आणि एवढे झाल्यावर तिला गंगावेशीला उतरून दुसऱ्या गाडीत चढ म्हणून सांगायचे? सीपीआरला सलाईन लावून परतणाऱ्या म्हाताऱ्यालाही हेच सांगणार का? थेट गाडी हवी असा हट्ट धरणारे लोक आडमुठे नसतात, त्यांच्या अंगात गाडी बदलण्याइतके त्राण नसते.

भाड्याचेही पाहा. केएमटीचे तिकीट टप्प्यावर आहे, आणि पहिल्या टप्प्याचे भाडे अंतराच्या मानाने सर्वांत जड असते. गाडी बदलली की तो पहिला टप्पा पुन्हा भरावा लागतो. आधीच एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्या सवलती केएमटीला लागू झाल्या नाहीत. कागल रस्त्यावर समोर केएमटी उभी असताना बायका मागून येणाऱ्या एसटीची वाट पाहतात, ती काही हौस म्हणून नव्हे. या स्थितीत दोनदा तिकीट काढायला लावले तर उरलेल्या बायकाही जातील.

शिवाजी पेठेतला करदाता

गावांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावे. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, हद्द मात्र तीच राहिली. हद्दवाढीचा प्रस्ताव आला की भोवतालची गावे बंद पाळतात, मोर्चे काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावांच्या थांब्यांवर आमच्या घरफाळ्यातून तोटा भरून निघणारी केएमटी उभी असते. शहरात यायला नको, पण शहराची बस हवी, हे किती दिवस चालवायचे? शंभर गाड्या आल्या तर त्या आधी हद्दीच्या आत धावाव्यात. गावांना हव्या असतील तर ग्रामपंचायतींनी किंवा प्राधिकरणाने किलोमीटरचा वाटा उचलावा.

पाचगावचे रहिवासी

वाटा उचलण्याची सूचना वाईट नाही, आणि 2017 साली 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालेच आहे, त्याला काही काम तरी मिळेल. पण "आमच्या घरफाळ्यातून" हा सूर मान्य नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव या गावांत आज जे राहतात त्यांतले कितीतरी जण पेठांतल्या वाटण्या झाल्यावर स्वस्त प्लॉट बघून बाहेर पडलेले आहेत. नोकरी शहरात, मुलांची शाळा शहरात, दसऱ्याची खरेदी महाद्वार रोडला. आम्हाला गाडी नाकारली तर आम्ही घरी बसणार नाही, दुचाकी काढून तुमच्याच मिरजकर तिकटीला लावू. त्या दुचाकींना जागा कुठून देणार, हेही करदात्यांनी सांगावे. बस हे गावावर केलेले उपकार नसून शहरातली गर्दी बाहेरच थोपवण्याचा उपाय आहे.

रंकाळावेशीकर

गावांची सेवा बंद करा असे मी कुठेही म्हटलेले नाही, त्यामुळे त्या वादात मला ओढू नये. हद्दवाढ व्हावी असे मलाही वाटते, पण शाळेतल्या पोरांना थांब्यावर तिष्ठत ठेवून ती होणार नाही.

वडणगेकरांचा भाड्याचा मुद्दा मात्र नेमका आहे, आणि त्याचे उत्तर मार्ग वाढवणे हे नसून तिकीट सुधारणे हे आहे. एकदा काढलेले तिकीट तासाभरात दुसऱ्या गाडीत चालले पाहिजे. वाहकाकडे यंत्र आहे, तिकिटावर वेळ छापली जाते, मग अडचण कसली? बुट्टीवाल्या बायकांसाठी पहाटेच्या दोन-तीन थेट फेऱ्या ठेवायला माझी हरकत नाही. पण पहाटेची गरज दाखवून दुपारी दोनची गाडीही तशीच थेट पळवायची, आणि ती आठ माणसे घेऊन, हे मला पटत नाही.

गोकुळ शिरगाव, पहिली पाळी

एवढी चर्चा झाली, पण एमआयडीसीचे नाव कोणी काढले नाही. पहिली पाळी सातला लागते, दुसरी तीनला आणि रात्रपाळी अकराला. रात्री अकराला सुटलेल्या कामगाराला ना केएमटी मिळते, ना वडाप, आणि हायवेवर अंधारात ट्रकला हात करणे ठीक नव्हे. दिवसा दर दहा मिनिटांनी गाडी हवी असणाऱ्यांनी रात्री सव्वाअकराची एक गाडी गोकुळ शिरगावहून आणि एक शिरोलीहून सोडण्याला पाठिंबा द्यावा. ती तोट्यात जाईल, हे मी आधीच मान्य करतो.

शास्त्रीनगरचा जुना माणूस

कार्यशाळेच्या आसपास आयुष्य गेले म्हणून थोडे लिहितो. धागाकर्त्यांचा बाहेरचा मार्ग कागदावर गोल दिसतो, पण विजेच्या गाडीला चार्जिंगसाठी आगारात परतावे लागते, आणि रिकाम्या परतीचे किलोमीटरही कोणाच्या तरी खात्यावर पडतातच. सकाळची गर्दी संपल्यावर निम्म्या गाड्या दुपारी चार्जिंगला लावायच्या आणि पाचच्या आत पुन्हा काढायच्या, असे वेळापत्रक बसवले तरच हा मेळ जमेल. म्हणजे दुपारी दर दहा मिनिटांचा आग्रह सोडावा लागेल. तीच वेळ आहे जेव्हा गाडी आठ माणसे घेऊन फिरते, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

बारा मीटरची गाडी पेठांत नेऊ नये, हे मात्र सर्वांनी मान्य करावे. पापाची तिकटीला दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी वाहतूक अडते, तिथे ही गाडी वळणार कशी? पेठांसाठी सात मीटरच्याच गाड्या घ्याव्यात. आणि पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आत्ताच करून ठेवावे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेले की इशारा पातळी लागते आणि 43 ला धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिवाजी पुलापलीकडच्या गावांचे रस्ते पाण्याखाली गेले होते, तेव्हा पलीकडच्या गाड्या कुठपर्यंत सोडायच्या आणि मोकळ्या झालेल्या गाड्या कुठल्या मार्गावर लावायच्या, हे ऐनवेळी ठरवायची गोष्ट नाही.