मदत हवी आहे: शेडमध्ये सापडलेली तीन चाकांची जुनी होंडा, नक्की कुठल्या सालची?

मंडळी नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो पण आज अडलंय म्हणून धागा काढतोय. आम्ही मिशिगनमध्ये मक्याच्या शेताला लागून असलेलं एक जुनं घर घेतलं, त्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक विचित्र गाडी निघाली, आधीच्या मालकाची मुलं म्हणाली तुम्हीच ठेवा. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही चाकं ट्रकच्या ट्यूबसारखी टम्म फुगीर आणि सस्पेन्शन ना पुढे ना मागे. सासरे साताऱ्याहून आलेत, ते म्हणाले, "जावईबापू, ही टप काढलेली रिक्षा दिसतेय."

स्टिकर उडालेत, होंडा एवढंच वाचता येतं. इंजिन आडवं, आपल्या स्प्लेंडरसारखं, क्लचचा लिव्हर नाहीच. मागचा एक टायर बसलाय म्हणून तो काढून टायरवाल्याकडे नेला तर तो पाच मिनिटं नुसता उलटसुलट करून बघत राहिला कारण याला रिमच नाही!! टायर सरळ हबलाच जोडलेला. म्हणाला हे माझ्या मशीनवर चढणार नाही, घेऊन जा. तर ही कुठल्या सालची असेल, टायरचं काय करू, आणि मुलगा (वय ११) रोज मागे लागलाय की मला चालवू द्या, तर द्यावी का? कागदपत्रं काहीच नाहीत.

प्रतिसाद:
रिम नाही म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं. ही सुरुवातीची एटीसी ९० असणार. एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल. ही पहिल्यांदा १९७० साली यूएस ९० नावाने आली, किंमत ५९५ डॉलर, मग नाव बदलून एटीसी ९० झालं. हिच्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. थंडीत बर्फ पडला की मोटारसायकली कोण घेणार, डीलर नुसते माश्या मारत बसायचे, म्हणून अमेरिकेतल्या होंडाने जपानला कळवलं की हिवाळ्यात खपेल असं काहीतरी द्या. ओसामू ताकेउची नावाच्या इंजिनिअरकडे काम गेलं, त्याने दोनपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं आणि बर्फात, चिखलात छोट्या इंजिनाला तीनच चाकं बरी पडतात असं ठरलं. फुगीर टायरची कल्पना त्याला अँफिकॅट नावाच्या पाण्यात पण चालणाऱ्या सहाचाकीवरून मिळाली. सस्पेन्शन नाही म्हणताय, तर टायर हेच सस्पेन्शन, त्यात हवा फक्त २ पौंडाच्या आसपास. नेहमीच्या गेजवर काटा हलणारसुद्धा नाही, कमी प्रेशरचा वेगळा गेज घ्या आणि पंपावर चुकूनही भरू नका.
या टायरची खोड अशी की कापणी झालेल्या शेतात मक्याच्या धसकटांनी फाटायचे, आणि रिम नसल्यामुळे दुरुस्तीचा वैताग. पंक्चरचं किटही निघालं होतं. शेवटी १९७५ ला कापडाचे थर असलेला टायर आणि पोलादी रिम आली. म्हणजे टायर मूळचे असतील तर तुमची गाडी त्याच्या आधीची. खात्रीसाठी सिलिंडरच्या बाजूला ग्रीस खरवडून बघा, सीसीचा आकडा ओतीव अक्षरात असतो. १०५ निघाला तर मात्र ती नंतरची एटीसी ११०.

प्रतिसाद:
माहिती छान पण सगळं श्रेय होंडाला कशाला? धागाकर्ते, तुमच्याच मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत जॉन प्लेसिंजर नावाच्या विद्यार्थ्याने १९६७ मध्ये अशीच तीनचाकी पदवीच्या प्रोजेक्टसाठी केली होती, ट्रायकार्ट. ती स्पेरी रँड न्यू हॉलंडने विकत घेऊन बाजारात आणली, म्हणजे होंडाच्या आधी. आणि त्याही आधी कॅनडात १९६१ ला सहा चाकांची जिगर आली होती. (नाव वाचून मला हसूच आलं, आपल्याकडे पोस्टर लागलं असतं.) बाकी चालू द्या.

धागाकर्ता:
खरवडलं!! ८९ सीसी. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझ्या स्प्लेंडरपेक्षा कमीच की."

प्रतिसाद:
दादा, मुलाला देऊ नका हो. आमच्याकडे अशीच एक जुनी होती म्हणून कळकळीने लिहितेय. मागे सलग ॲक्सल, डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात, गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ बघते. वजन बाहेरच्या बाजूच्या पायावर टाकावं लागतं तेव्हा आतलं चाक घसरतं आणि मग वळते. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल गेला की पाय टेकतो, आणि इथे टेकलेल्या पायावरच मागचं चाक चढतं, दिराचा घोटा असाच गेला. अशा अपघातांमुळेच १९८८ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाशी करार होऊन कंपन्यांनी अमेरिकेत नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. जुनी ठेवायला हरकत नाही, पण मिशिगनमध्ये १६ च्या खालच्या मुलांना तीनचाकी चालवायला बंदीच आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई, हे वाचून बायकोने किल्ली स्वतःकडे घेतली, मुलगा रुसून बसलाय. मी कार्बोरेटर उघडून फोटो टाकतो. टायर मात्र तसाच पडलाय, बाजूलाच बोटभर चीर आहे. कुणी हा बिनरिमचा टायर घरी पॅच केला असेल तर आतून करायचा की बाहेरून, तेवढं सांगा.