सिस्टीम/३६० चा लाल ईपीओ (इमर्जन्सी पॉवर-ऑफ) नॉब बाहेर येऊन अडकलाय, आत कसा बसवायचा?

प्रश्न – फेराइटकोअर
आयबीएम सिस्टीम/३६० मॉडेल ३० या १९६० च्या दशकातल्या मोठ्या संगणकाच्या कन्सोलवर उजवीकडे वरचा इमर्जन्सी पुल नॉब (आणीबाणीत ओढून वीज तोडायचा) बाहेर आलेला आहे. दाबला तरी आत जात नाही. तुटलाय का? शिवाय आम्हाला फक्त सीपीयू चालू करायचा आहे, टेप-डिस्कची युनिट्स नाहीत. स्विचच्या दोन टोकांना वायर जोडून तो बायपास केला तर चालेल?

उत्तर – कॉन्टॅक्टर_के१
तुटलेला नाही, तो तसाच बनवलाय. नॉब ओढला की आतली छोटी पट्टी खाली पडते आणि दांडा अडकवते. ऑपरेटरने घाईत पुन्हा वीज चढवू नये म्हणून नॉब पूर्ववत करणं देखभाल करणाऱ्याकडेच ठेवलं होतं. जोर लावू नका, नॉब तडकेल.

आधी भिंतीवरचा पुरवठा तोडा आणि तो तुटलाय हे मीटरने बघा. ईपीओ ओढलेला असला तरी प्रत्येक युनिटच्या पॉवर-एंट्री टर्मिनलपर्यंत वीज असतेच, त्यापुढची फक्त तुटते. मग पॅनेल उघडा, पट्टी बोटाने उचलून धरा, नॉब आत ढकला. आणि तो कोणी का ओढला होता याचा माग त्याआधी काढा: काळवंडलेली वायर, फुगलेला कपॅसिटर, वितळलेलं इन्सुलेशन.

बायपास मात्र नको. ती दोन टोकं जोडली की लाल नॉब नुसता शोभेचा उरतो.

उत्तर – रिलेवाला
बायपासबद्दल थोडं सविस्तर. हा स्विच मेन करंट तोडत नाही. तो २४ व्होल्टच्या कंट्रोल सर्किटमध्ये आहे. ते सर्किट उघडलं की कॉन्टॅक्टरची (मुख्य वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल सुटते आणि कॉन्टॅक्टर पुढची वीज तोडतो. न जोडलेल्या युनिटमुळे सर्किट अपुरं राहत असेल, तर जंपर (जोडणारी छोटी वायर) त्या युनिटच्या रिकाम्या सॉकेटवर लावा, तोही त्याच मशीनचा पॉवर डायग्राम बघून. नॉब सर्किटमध्ये राहिलाच पाहिजे.

स्विचची चाचणी नुसत्या कंटिन्युइटीवर (मीटरने जोड आहे का एवढंच बघण्यावर) सोडू नका. मीटरचा करंट फार थोडा असतो, त्यावर गंजलेला कॉन्टॅक्टही ठीक वाटू शकतो. स्विचच्या वायरींना खुणा करून त्या सोडवा. २४ व्होल्टचा बेंच सप्लाय आणि सिरीजमध्ये १०० मिलिअँपिअर घेणारा दिवा लावा. नॉब आत असताना कॉन्टॅक्टवर १०० मिलिव्होल्टहून जास्त पडत असतील, तर रोध १ ओहमच्या वर गेलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कार्डाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढा. पॉलिश पेपर नको, मुलामा जातो. मग नॉब दहा वेळा ओढून बघा, प्रत्येक वेळी दिवा विझलाच पाहिजे.

एवढं करून लोक कॉन्टॅक्टर तपासायचं विसरतात. एखादा पोल (एका फेजचा कॉन्टॅक्ट) चिकटलेला असला तर कॉइल सुटूनही तो फेज चालूच राहतो. कॉइलला वीज नसताना प्रत्येक पोल वेगळा मोजा.

फेराइटकोअर
नॉब बसला, पट्टी तशीच होती जशी सांगितलीत. चाचणीनंतर रोजचं मशीन बंद करायला हाच वापरला तर?

उत्तर – कॉन्टॅक्टर_के१
नाही. रोजच्यासाठी पॉवर-ऑफ की आहे. तिने वीज क्रमाने उतरते आणि मुख्य मेमरीतला मजकूर टिकतो (स्टोरेज-प्रोटेक्शनच्या कीज, म्हणजे मेमरीच्या भागांना संरक्षण देणारे कोड, टिकत नाहीत). याची मुख्य मेमरी कोअर मेमरी आहे, म्हणजे छोट्या चुंबकी कड्यांची, आणि तिच्यात वाचणं म्हणजे पुसणं. वाचलेला शब्द लगेच परत लिहावा लागतो. ईपीओ नेमका वाचणं आणि परत लिहिणं यांच्या मध्ये पडला तर तो शब्द गेला. आणि ईपीओनंतरही फिल्टर कपॅसिटर भरलेले असू शकतात. व्होल्टेज मोजल्याशिवाय हात घालू नका.

उत्तर – युनिबस११
शेजारी पीडीपी-११ (डेक कंपनीचा मिनीकॉम्प्युटर) असेल तर हीच सवय तिकडे नेऊ नका, तिथलं तर्कशास्त्र उलटं आहे. डेकच्या ८६१ सारख्या पॉवर कंट्रोलरवर तीन पिनांची बस (कॅबिनेटांमधून जाणारी सामाईक कंट्रोल केबल) असते: १ आणि ३ जोडले की वीज चालू, २ आणि ३ जोडले की आणीबाणीची बंदी. पिन ३ ग्राउंड. म्हणजे आयबीएमच्या सर्किटमध्ये वायर तुटली तर मशीन बंद पडतं, पण इथे पिन २ ची वायर तुटली तर काहीच कळत नाही आणि गरजेच्या वेळी बंदी होत नाही. तापमानाचे स्विचही याच पिनवर येतात. म्हणून प्रत्येक कॅबिनेटच्या शेवटच्या कनेक्टरवर २-३ जोडून कॉन्टॅक्टर खरंच सुटतो का ते बघा. कंट्रोलरपाशी जोडून केबलची चाचणी होत नाही.