विषय: तेल्हाऱ्याच्या घरी गिझर टाकीचा की बिनटाकीचा?

नमस्कार मंडळी,
आई-बाबांसाठी गावी गिझर घ्यायचा आहे. माणसं दोन, सिंगल फेज, बोअरचं पाणी. अमेरिकेत सगळे टँकलेस, म्हणजे बिनटाकीचा, घ्या म्हणतात. गावीही तोच बरा का?

उत्तर:
दादा, अमेरिकेतलं गणित गावी लागू पडत नाही. तिथं टाकी चोवीस तास तापलेली असते. म्हणून गरम पाण्याचा रोजचा वापर 41 गॅलनच्या (सुमारे 155 लिटर) आत असेल तर टँकलेस ऊर्जेच्या दृष्टीने 24 ते 34 टक्के अधिक कार्यक्षम, असं अमेरिकी ऊर्जा खातं सांगतं. गावी सकाळी तासभर बटण चालू, आंघोळी झाल्या की बंद. वाया जायला उष्णता उरतेच किती?

40 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 वर न्यायला 0.93 युनिट लागतं, गिझर कुठलाही असो. खरा घोळ व्होल्टेजचा. 230 चं 180 झालं की 3 किलोवॉटचा इन्स्टंट (बिनटाकीचा) 1.8 वर येतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मिनिटाला जेमतेम 1.3 लिटर कोमट पाणी, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला पंधरा मिनिटं! 2 किलोवॉटच्या टाकीला फक्त वेळ जास्त लागेल, 25 लिटर 60 अंशांवर न्यायला 35 ऐवजी 57 मिनिटं. त्यात गार पाणी मिसळून 50 लिटर होतं, आणि मध्येच लाइन गेली तरी तापलेलं पाणी हाताशी राहतं. 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही लावू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

आणखी एक:
तेल्हारा म्हणजे अकोल्याकडचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं, दादा. क्लोराइडने स्टेनलेस स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पडतात, म्हणून काचेचा मुलामा असलेली टाकी घ्या. टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी आत असते, ती दरवर्षी उघडून पाहा, खाऱ्या पाण्यात ती लवकर झिजते. थर्मोस्टॅट 60 च्या वर नेऊ नका. त्याच्या वर क्षार भराभर धरतात. क्षारांच्या थराखाली एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) आतून तापून फुटतं. इन्स्टंटची वाट अरुंद, ती आधी चोंदते.

साफ करताना एमसीबी (मीटरपेटीतला गिझरचा स्विच) पाडा, पाणी बंद करून टाकी रिकामी करा, एलिमेंट काढा. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून दोन तास बुडवा. गॅस्केट (जोडावरची रबरी चकती) नवं लावा. गरम पाण्याच्या नळातून पाणी येईपर्यंत बटण दाबू नका, कोरडं एलिमेंट लगेच जळतं.