दरडीवर पोस्टर करताना कुणाला विचारलं होतं का?

शाईपेन

काल 'चौकट' यांनी इर्शाळवाडीच्या दरडीवरचं त्यांचं जुनं पोस्टर पुन्हा टाकलं. काळ्यावर पांढरा इर्शाळगडाचा सुळका, आणि वारली चित्रातलं तारपा नाचाचं वेटोळं सुटून डोंगरावरून खाली ओघळतंय. खाली ओळ, "कलाकाराला गप्प बसवत नाही. मोजके प्रिंट शिल्लक." मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पोस्टरच्या कोपऱ्यात तारीख आहे २० जुलै २०२३. दरड आली १९ च्या रात्री. २० तारखेला वर गाडीरस्ता नाही म्हणून पोकलेन चढत नव्हता, हवेमुळे हेलिकॉप्टर जाऊ शकत नव्हतं. माणसं चिखलातून चढून जाऊन फावड्या-कुदळींनी माती उपसत होती. शोध थांबवला २३ ला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीतच राहिली. म्हणजे पोस्टरचे रंग ठरत होते तेव्हा खाली कुणी जिवंत असेल या आशेवर लोक खणत होते.

मी चित्रं काढूनच पोट भरते. ट्रेकच्या निमित्ताने त्या वाडीत कितीदा जेवलेय. एका पडवीत बसून म्हशीचं चित्र काढत होते, तर घरच्या काकूंनी वही हातात घेतली आणि म्हणाल्या, "डावं शिंग मोडकं हाय तिचं, तू आख्खं काढलंस." मला खोडायला लावलं. त्या काकूंचं काय झालं हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. आणि इथे त्यांच्या डोंगराचे प्रिंट विकले जातायत.

रेघोट्या

ताई, दुःख कळतं, पण मग आम्ही करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं? केरळात २०१८ च्या पुरात चेंदमंगलमच्या विणकरांचा ओणमसाठी विणलेला सगळा माल चिखलात गेला. लक्ष्मी मेनन या डिझायनर बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी ते डागाळलेलं कापड उकळून, निर्जंतुक करून त्याच्या चेकुट्टी नावाच्या बाहुल्या केल्या. एका साडीत ३६० बाहुल्या, बाहुली २५ रुपयांना. जी साडी जाळून टाकायची होती तिचे ९००० रुपये झाले, आणि ते विणकरांना मिळाले. हे वाईट झालं का?

आणि चित्रकार चित्तप्रसाद? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी चित्रं काढलीच ना?

शाईपेन

चित्तप्रसादांचं नाव घेतलंत ते बरं केलंत. ते मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले. कित्येक चित्रांवर त्या माणसाचं नाव, गाव लिहिलेलं आहे. इंग्रज सरकारने त्या चित्रांची पुस्तिका जप्त करून जाळली, कारण ती वाचून कुणालातरी जाब द्यावा लागला असता. 'चौकट' यांच्या पोस्टरने कुणाला जाब विचारला? दरडीची भीती असलेल्या डोंगराखाली वस्ती का राहिली, एवढा एक प्रश्न तरी त्यात आहे का?

बाहुल्यांचं मात्र मान्य. तिथे चिखलही विणकरांचा आणि पैसाही त्यांचाच.

डोंगरवाट

मूळ मुद्दा राहू दे. तारपा कुठून आला? इर्शाळवाडी ठाकर आदिवासींची. वारली राहतात डहाणू, तलासरी, जव्हारकडे. शहरातल्या डिझायनरला आदिवासी म्हटलं की त्रिकोणाची माणसं आठवतात, मेट्रोच्या खांबापासून चहाच्या कपापर्यंत. वारल्यांच्या भिंतीवरचा चौक लग्नाचा असतो. सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, मधे पालघट देवी बसते. लग्नघरच्या चित्रांतली खूण उचलून तुम्ही दुसऱ्याच जमातीच्या मढ्यावर घातलीत. माझी बायको डहाणूची आहे. तिने पोस्टर पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.

रेघोट्या

मग ठाकरांचं म्हणून काय काढायचं? पिंगुळीची चित्रकथी, चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती? परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, तेही ठाकरच.

डोंगरवाट

पिंगुळी कुडाळ तालुक्यात. ते सिंधुदुर्गातले ठाकर, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीवाले. रायगडातले ठाकर वेगळे. नाव एक म्हणून माणसं एक होत नाहीत. हेच तर सांगतोय कधीपासून.

रेघोट्या

बरं, पिंगुळी मागे घेतो. पण असा जातीचा दाखला मागत बसलो तर कुणीच कुणाचं चित्र काढू शकणार नाही.

डोंगरवाट

दाखला कुणी मागितला? वाडीखालच्या चौक गावापर्यंत गाडी जाते. जाऊन विचारायचं होतं.

कृष्णाकाठ

मी सांगलीची. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली, तारीख घातली. फडताळाच्या वर, स्टुलावर चढून. अजून त्या भिंतीला रंग लावू देत नाही. पूर बघायला आलेल्या एका डिझायनरने त्या रेघेचा फोटो काढला, आम्हाला न सांगता पुण्यातल्या प्रदर्शनात लावला. भाचीने पाहिला म्हणून कळलं. आईला मी मुद्दाम घेऊन गेले, वाटलं चिडेल. ती चिडली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि तिथल्या मुलाला म्हणाली, "खाली लावलीय रे. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं होतं." रेघ कमरेच्या उंचीवर होती. तो म्हणाला, नजरेला तिथे बरी दिसते.

न विचारता घेतली हे तिने माफ केलं. उंची बदलली ते नाही.

चौकट

सगळं वाचलं. तारप्याचं मला माहीत नव्हतं. ती चूक आहे आणि मी ते वेटोळं काढून टाकतो. डोंगरवाट, वहिनींना माझ्याकडून सांगा.

पण रंग ठरवत बसलो होतो म्हणालात ते लागलं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळियेत दरड कोसळली, त्यात माझी आत्या गेली. दोन वर्षं मी कागदावर एक रेघ ओढू शकलो नव्हतो. इर्शाळवाडीची बातमी आली तेव्हा हात थरथरत होता आणि पहिल्यांदा काहीतरी उमटलं. ते मी कुणाला विचारून काढणार होतो?

शाईपेन

तळियेचं ठाऊक नव्हतं. रंगांवरून जे बोलले त्यातला तेवढा राग मागे घेते. त्या रात्री काढलंत त्याबद्दल आता माझं काही म्हणणं नाही. पण काढणं वेगळं, विकणं वेगळं. तुमच्याच पोस्टखाली लिहिलंय, प्रिंट १२०० रुपयांना, ४० गेले. त्यातले वाडीच्या लोकांपर्यंत किती पोचले?

चौकट

एकही नाही. छपाई, कुरिअर जाऊन जे उरलं ते घरभाड्यात गेलं. विक्री आज बंद केलीय. उरलेले ११ प्रिंट घरात आहेत. त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही.

डोंगरवाट

रविवारी मी चौकला जातोय, वाडीतल्या लोकांना भेटायला. यायचं तर सकाळी ६ ला पनवेल स्टेशनबाहेर. प्रिंट आणू नका.