दर पाच सेकंदांनी रिफ्रेश कशाला?

वेबपानावर नवा मजकूर आपोआप दिसावा म्हणून "दर पाच सेकंदांनी पान आपोआप रिफ्रेश करा, झालं काम" असं कुणीतरी सुचवलंय. नका करू बुवा. ५०० जण पान उघडून बसले तर सर्व्हरला सेकंदाला १०० विनंत्या, आणि बहुतेकांना उत्तर एकच: नवीन काही नाही. वर कुणाचा अर्धवट टंकलेला मजकूर उडाला की शिव्या आपल्यालाच.

त्यापेक्षा लाँग पोलिंग बरं. ब्राउझर एकदा विचारतो, सर्व्हर ती विनंती धरून ठेवतो आणि नवं काही आलं की मगच उत्तर देतो. २०११ साली प्रमाणित झालेलं वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी जोडणी, त्याच्या पुढचं, पण ते दुतर्फा बोलण्यासाठी, म्हणजे चॅटबिटला. इथे माहिती सर्व्हरकडून ब्राउझरकडे, एकाच दिशेने यायचीय, त्याला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात: ब्राउझर एकदा जोडला की सर्व्हर त्याच जोडणीवरून नवं काही आलं की पाठवत राहतो. जोडणी तुटली तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो. फक्त मधल्या प्रॉक्सीचं (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या मध्यस्थाचं) बफरिंग, म्हणजे उत्तर लगेच पुढे न पाठवता साठवून ठेवणं, बंद करायला विसरू नका. माझी अख्खी दुपार त्यात गेली होती.

आणि हो, नवा मजकूर थेट मध्ये घुसवू नका. वाचता वाचता ओळ खाली सरकली की डोकं फिरतं. वर "३ नवीन" एवढी पट्टी दाखवा, ज्याला हवं तो टिचकी मारेल.